माझं तोंड घरात, पाठ परसात

मित्रांनो, मी जुना आहे हे कबूल. पण माझी मोटर जळाली आहे, असं रायपूरच्या शंकर नगरातल्या आमच्या गल्लीत जे सगळे सांगतात, ते साफ खोटं आहे. मी एक कूलर आहे. पत्र्याचा, चौकोनी, एके काळी पोपटी आणि आता बराचसा गंजाच्या रंगाचा. माझी मोटर शाबूत आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्यावर जे काही गुदरलं ते या एका खोट्यामुळे.

माझा जन्म गोल बाजाराच्या मागच्या बोळीत झाला. जन्म म्हणजे नुसती ठोकाठोकी. कुणी पत्रा कापत होता, कुणी भोकं पाडत होता, आणि रंग देणारा तर बिडी ओढता ओढता मला एका बाजूनं रंगवायचं विसरलाच. ती बाजू भिंतीकडे करून दुकानदारानं मला रस्त्यावर मांडलं. तिथे पद्मिनीकाकू आल्या. माठ घेताना वाजवतात तसं त्यांनी मला बोटाच्या पेरानं वाजवून पाहिलं.

"पत्रा जाड आहे ना, भैया? नाही तं दोन उन्हाळ्यात चाळणी होते याची."

"दीदी, आपकी बहू भी इसी की हवा खाएगी," दुकानदार म्हणाला.

काकूंचा मुलगा शेखर तेव्हा चौथीत होता. आज तो नोकरीला आहे, पण त्याचं लग्न अजून व्हायचं आहे. म्हणजे दुकानदाराच्या शब्दाप्रमाणे माझी मुदत संपलेली नाही. असो.

मला झोपायच्या खोलीच्या खिडकीला, बाहेरून, लोखंडी स्टँडवर बसवलं. त्यामुळे माझं तोंड घरात आणि पाठ परसात. देवानं अशी जागा फार थोड्यांना दिली आहे. पुढून मी माणसं पाहायचो, मागून पाखरं. माणसांना वाटायचं मी त्यांचा, पाखरांना वाटायचं मी त्यांचा. आणि मला वाटायचं की दोघंही माझी. मी केवढा भोळा होतो ते तुम्हाला पुढे कळेलच.

रायपूरचा मे महिना तुम्ही पाहिला नसेल तर पाहू नका. बारा वाजता रस्त्यावरचा कुत्रासुद्धा सावलीचा कोपरा आधी बघून ठेवतो आणि मग भुंकतो. अशा उन्हात मी दर वर्षी नवा वाळा अंगावर घेऊन, पोटात पाणी भरून, चार-चार महिने खरखरत राहिलो. शेजारच्या बायका दुपारी पापडाचं पीठ घेऊन माझ्यासमोर लाटायला बसायच्या. घरचे मालक पांडुरंगकाका रेल्वेच्या कंट्रोल रूममधून ड्यूटी करून यायचे, बनियन भिजवून अंगात घालायचे आणि दोन्ही हात वर करून माझ्यासमोर उभे राहायचे. तो वास मी कधी मनावर घेतला नाही. एकदा तसेच हात वर असताना ते म्हणाले, "पद्मे, मी जिवंत आहे तोवर हा कूलर इथून हालत नाही. लिहून ठेव."

काकूंनी लिहून ठेवलं नाही. तिथेच चुकलं.

पाखरांचा नाद आधी काकूंचा. माझ्या टाकीतून थेंब-थेंब पाणी गळायचं, ते प्यायला चिमण्या यायच्या. काकूंनी खाली मातीचं पसरट भांडं ठेवलं. मग मूठभर कणकी, म्हणजे तुटका तांदूळ, टाकायला लागल्या. मग एका दिवाळीला धानाच्या लोंब्यांची झालर आणली. इकडे छत्तीसगडात नव्या धानाची अशी विणलेली झालर दाराला टांगतात, घराला शोभा आणि चिमण्यांना जेवण. काकूंनी ती दाराऐवजी माझ्या पाठीवर टांगली. काकूंना एकाही पाखराचं नाव येत नव्हतं. एक 'भुरकी', एक 'टोपीवाली' आणि साळुंक्यांच्या अख्ख्या कुटुंबाला मिळून 'भांडखोर'. पण कोण कधी आला नाही ते त्यांना बरोबर कळायचं.

मग पांडुरंगकाका रिटायर झाले आणि सगळं बिघडलं.

छत्तीस वर्षं गाड्यांच्या वेळा पाहिलेला माणूस एकदम रिकामा झाला की तो काय करतो? काकांनी पाखरांचं टाइमटेबल लावलं. एक दुर्बीण आली, एक पक्ष्यांचं पुस्तक आलं आणि एक जाड नोंदवही आली. सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी कणकी. संध्याकाळी पाच दहाला कणकी. नोंदवहीत फूटपट्टीनं रकाने आखलेले: पक्षी, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, उशीर, जागा, कारण. "बुलबुल, ६.१२, सात मिनिटं लेट, आंब्याची फांदी, कारण मांजर." कबुतरांना ते मालगाडी म्हणायचे, कारण जागा अडवतात आणि हलत नाहीत. कोकिळेची तक्रार तर रोजची. नुसता आवाज, गाडी दिसत नाही.

"अवो, पाखरू आहे ते. त्याले काय ड्यूटी लावली तुमी?" काकू म्हणायच्या.

"शिस्त नसंल तं पाखरू काय आन् पॅसेंजर काय, सारखंच," काका म्हणायचे.

गल्लीत मोबाईलवर 'परसातले पाखरं' नावाचा ग्रुप होता. त्याचे प्रमुख आमचे भिंतीपलीकडचे शेजारी अनंतराव. त्यांचं घराणं भोसल्यांच्या राज्यापासून रायपुरात, आणि हे ते तिसऱ्या वाक्यात सांगतातच. त्यांनी विलायती दाण्यांचं काचेचं यंत्र झाडाला टांगलं होतं. त्यावर तीन वर्षांत एक खार तेवढी नेमानं यायची. अनंतराव तिला ग्रुपवर 'अन्य' या सदरात टाकायचे. ग्रुपनं ठरवलं, ज्याच्या घरी यंदा पाखरू अंडी घालील त्याच्या फाटकाला 'पक्षीमित्र घर' अशी पितळी पाटी. त्या पाटीनं काकांची झोप उडाली. रिटायर झाल्यावर दारावरची नावाची पाटीच काय ती उरते, आणि त्यांचीही उन्हानं पुसट झालेली.

आता माझ्या आजाराबद्दल. पंख्याला पहिला धक्का देणारी एक बोटभर डबी असते, तिला आमच्याकडे कंडेन्सर म्हणतात. माझी ती डबी अशक्त झाली होती. बटन दाबलं की मी नुसता गुंऽऽ करायचो, पण फिरायचो नाही. मग काका माझ्या जाळीतून फूटपट्टी घालून पात्याला हलकेच टोचायचे, की मी भर्रकन सुरू. तीन वर्षं आमचं असं चाललं होतं. म्हाताऱ्या माणसाला उठताना हात द्यावा लागतो, एवढंच ते.

आणि दुसरं म्हणजे मला टक्कल पडत होतं. चिमण्या आणि भांडखोर मंडळी घरट्यासाठी माझ्या अंगावरचा वाळा उपटून न्यायची. मला वाटलं, आपल्या घरचीच पोरं.

होळीनंतर नवा वाळा भरायला काकांनी माझी मागची जाळी उघडली आणि तिथेच थिजले. टक्कल पडलेल्या भोकातून दयाळाची जोडी आत शिरली होती. दयाळ म्हणजे काळा-पांढरा, शेपूट उभी धरणारा, गाणारा पक्षी. मोटर ज्या पट्टीवर बसते तिच्या कोपऱ्यात घरटं, घरट्यात चार निळसर अंडी. पंख्याचं पातं तिथून वीतभरावर.

काका आत आले ते कुजबुजतच. "पद्मे, कूलर बंद."

"सुरू कुठं झाला अजून?"

"सुरूच नाही करायचा. पिल्लं उडोस्तोवर."

"आन् मी? मी काय पापड आहो, उन्हात वाळवाले?"

पण संध्याकाळी काकूच स्टूलवर चढून ती अंडी पाहून आल्या. त्या रात्रीपासून त्या ओला टॉवेल पांघरून झोपायला लागल्या.

चार-पाच दिवसांनी शेखर भिंतीवर टांगायचा एसी घेऊन आला. "पापा, एक महीने की तो बात है. बच्चे उड़ जाएँ, फिर ये ऊपर मेरे कमरे में. कूलर वापस चालू."

"पक्कं?" काकूंनी विचारलं.

"पक्का, आई."

मी माझ्या कानांनी ऐकलं. एक महिना. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी उन्हाळ्यात गप्प बसलो आणि मला त्याचा अभिमान वाटला. माझ्या पोटात कुणीतरी श्वास घेत होतं. पहाटे नर दयाळ माझ्या डोक्यावर बसून असा गायचा की मला वाटायचं, इतकी वर्षं मी जे खरखरलो त्याचीच ही सुधारलेली चाल आहे. मी दिवस मोजत होतो. अंडी फुटली. तीन पिल्लं आली. आता पंधरा दिवस, की मी परत माझ्या कामावर.

पिल्लं आठ दिवसांची झाली तेव्हा अनंतराव ग्रुपची दोन माणसं घेऊन पाहणीला आले. आतून, माझ्या तोंडाच्या झडपांमधून घरटं अगदी जवळ दिसायचं, म्हणून काकांनी सगळ्यांना झोपायच्या खोलीत नेलं. पलंगावर दोघं, स्टुलावर एक, मध्ये काका टॉर्च घेऊन. गाडी सुटायच्या आधी गार्ड असतो तसे ताठ. एसी सुरू होता. काका बोलायला लागले.

"सत्तावीस दिवस झाले. त्रेचाळीसवर पारा. पण या घरात कूलरले कोणी हात लावला नाही. काहून? कारण पाखरू बोलत नाही. त्याच्यासाठी माणसानं थोडं सोसावं लागते."

एवढ्यात व्होल्टेज पडलं आणि एसी बंद झाला. पाच मिनिटांत खोलीची भट्टी झाली. अनंतराव रुमालानं मान पुसत म्हणाले, "पांडुरंगराव, भाषण चांगलं आहे, पण थोडी हवा चालू करा ना."

"हो हो," काका म्हणाले. आणि भूतदयेवर बोलता बोलता, वीस-बावीस वर्षांची सवय, त्यांचा हात मागे गेला आणि त्यांनी माझं काळं बटन दाबलं.

गुंऽऽ.

मित्रांनो, त्या क्षणी माझ्या पात्यापासून वीतभरावर तीन पिल्लं चोची वासून बसली होती. आई नुकतीच किडा घेऊन आत येत होती. मी फिरलो असतो तर काय झालं असतं ते मी सांगणार नाही, तुम्ही लहान आहात. पण मी फिरलो नाही. कमी व्होल्टेज म्हणा, अशक्त डबी म्हणा. मला विचाराल तर मी सगळा जीव एकवटून जागच्या जागी थांबलो. अंगातून वीज वाहत होती, मी तापत होतो, आणि फिरत नव्हतो.

तो आवाज फक्त एका माणसाला ओळखू आला. स्वयंपाकघरातून काकू लाटणं हातात घेऊन धावत आल्या आणि त्यांनी लाटण्यानंच बटन पाडलं.

सगळे काकांकडे पाहत राहिले. मी पण. मला वाटलं, आता ते म्हणतील, चुकलं माझं, याच्यामुळे वाचली पिल्लं. एवढं म्हणाले असते तरी मला पुरे होतं.

काका म्हणाले, "काही भ्यायचं काम नाही. हा कूलर तं बिघडलेला आहे. मोटर जळाली याची. मागच्या उन्हाळ्याच्या शेवटीच गेली, तेव्हापासून बंद आहे."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. लाटणं हातातच होतं.

अनंतराव पलंगावर सावरून बसले. "म्हणजे हा आधीपासूनच बंद होता?"

"हो ना. कधीचा."

"मग त्याग कशाचा, पांडुरंगराव? मेलेल्या बैलाले पेरणीतून सुटी दिली म्हणायची आन् हार घालून घ्यायचे."

ती दोन माणसं हसली. काकांना आता दोनच रस्ते होते. मोटर चांगली आहे म्हणावं, तर पिल्लांवर पंखा सोडल्याचं कबूल करावं लागतं. जळालेली म्हणावं, तर त्याग बुडतो. त्यांनी त्याग बुडवला. शंका नको म्हणून पाहुण्यांदेखत नोंदवहीतही लिहिलं, "कूलर निकामी. कारण मोटर." भंगारातलं घरटं मोजायचं नाही असं ठरलं आणि पाटी त्या वर्षी अनंतरावांच्याच फाटकाला लागली, खारीच्या जोरावर. खारीनं त्यांच्या यंत्राच्या मागे तीन पिल्लं घातली होती आणि 'अन्य' या सदरात तेही बसतं, असं ग्रुपनं ठरवलं. ठरवणारे अनंतरावच होते.

सहा दिवसांनी पिल्लं उडाली. शेवटचं पिल्लू माझ्या काठावर बसलं, खाली पाहिलं, माझ्या अंगावर शिटलं आणि गेलं. मी म्हटलं, हरकत नाही, मूल आहे.

संध्याकाळी शेखरनं विचारलं, "पापा, एसी ऊपर शिफ्ट कर दूँ?"

काका दुर्बीण पुसत होते. "राहू दे. कूलर तर बिघडलेला आहे."

"बिगड़ा कहाँ है, पापा? कंडेन्सर तो गया है सिर्फ."

"हळू बोल. अनंतराव ऐकतीन."

आणि काकू म्हणाल्या, "अवो, तुमी खोटं बोलले ते लोकांशी. घरात तं खरं बोला."

काका दुर्बीणच पुसत राहिले. मला तेव्हा कळलं की माणूस लोकांसाठी खोटं बोलला की घरात त्याला ते पाळावं लागतं, व्रतासारखं. चार माणसांनी मला खाली उतरवलं. माझ्या स्टँडवर एसीचा बाहेरचा डबा बसला. माझ्या खिडकीला काच लागली. मला बिहीच्या, म्हणजे तुमच्या पेरूच्या झाडाखाली ठेवलं. आता माझं तोंडही परसात आणि पाठही परसात.

तरी मला वाटलं, पाखरं आहेत ना. माझ्या पोटात जन्मलेली पाखरं. दुसऱ्या दिवशी दयाळ आपली तिन्ही पिल्लं घेऊन पाणी प्यायला आला. एसीच्या नळीतून थंडगार पाणी ठिबकत होतं, तिथे सगळे रांगेत बसले. माझ्याकडे कुणी मान वळवून पाहिलं नाही. ज्यांच्यासाठी मी जागच्या जागी थांबलो, ती त्या डब्याचं पाणी पिऊन त्याच्याच डोक्यावर बसून गायली. वहीत नोंद झाली, "दयाळ, ५.४८, सहकुटुंब, वेळेवर."

मेच्या शेवटी गल्लीचं व्होल्टेज असं पडलं की सगळ्या गल्लीचे एसी दुपारभर बंद. काकूंना चक्कर आली. काका घाबरले. त्यांनी तार ओढत परसात आणली, मला जोडलं, दोन बादल्या पाणी ओतलं. काकूंना खाटेवर माझ्यासमोर बसवलं. बटन दाबलं. गुंऽऽ. मग काका धावत जाऊन नोंदवहीची फूटपट्टी घेऊन आले आणि त्यांनी माझ्या पात्याला टोचलं.

मित्रांनो, मी फिरलो. उरलासुरला वाळा, मागच्या घरट्याच्या काड्या, दोन पिसं, सगळं मी काकांच्या तोंडावर फेकलं. मुद्दाम नाही. पण वाईटही वाटलं नाही. काकूंनी डोळे मिटले. त्यांचे केस उडायला लागले. "हा आमचा कूलर," त्या हळूच म्हणाल्या.

भिंतीवर अनंतरावांचं डोकं उगवलं. "काय चालू आहे वो, पांडुरंगराव? ओळखीची खरखर आहे."

काकांनी तार ओढली. मी थांबलो.

"मिक्सर," काका म्हणाले. त्यांच्या मिशीत काडी होती.

"परसात?"

"चटणी करून राहिलो."

"हव का," अनंतराव म्हणाले आणि डोकं मावळलं.

काकूंनी डोळे उघडले. त्या काकांना म्हणाल्या, "तुमची पाटी गेली त्याचं मले काही वाटलं नाही. पण आता माझी हवा बंद केली तुमी." त्या उठून आत गेल्या, भिंतीला धरत. काका बराच वेळ ती फूटपट्टी हातात घेऊन उभे होते. मला वाटलं, तार परत जोडतील. त्यांनी मिशीतली काडी काढली आणि तेही आत गेले.

या गोष्टीला वर्ष होत आलं. माझा कंडेन्सर कुणी बदलला नाही. यंदा होळीनंतर दयाळाची जोडी परत आली. एसीचा डबा तापतो आणि थरथरतो, तिथे अंडी टिकत नाहीत हे त्यांना आता कळलं असावं. ती माझ्याच पोटात, त्याच पट्टीवर बसली आहेत. म्हणजे या उन्हाळ्यातही मी बंद. हे सुख आहे की शिक्षा, ते मला ठरवता येत नाही. काकू येतात, माझ्या डोक्यावर कणकी ठेवतात, पदरानं माझी रंगवायची राहिलेली बाजू पुसतात. काका लांबून दुर्बिणीतून पाहतात. परवा वही खाटेवर उघडी पडली होती, तेव्हा मी माझ्याबद्दलची ओळ वाचली.

"दयाळ, मादी, ५.४०, वेळेवर. जागा: परसातली जुनी पेटी."

पेटी. बावीस उन्हाळे, मित्रांनो. या माणसाला एकवीस पाखरांची नावं येतात, नर कोणता आणि मादी कोणती तेही येतं.

तुम्ही उन्हाळ्यात पाखरांना पाणी ठेवा, दाणे ठेवा, घरटं दिसलं तर हात लावू नका. हे सगळं जरूर करा, त्यात माझी काहीच तक्रार नाही. पण घरातली एखादी जुनी वस्तू नुसती गुंऽऽ करत असेल, तर ती मेली असं चार लोकांत सांगण्याआधी एकदा फूटपट्टीनं टोचून पाहा. आणि ती फिरली, तर भिंतीवरून कोण पाहतं आहे ते बघू नका. फिरू द्या तिला.